गोवंडीची बस वाचवताना

मुलुंड पूर्वेला स्नेहदीप सोसायटीच्या फाटकासमोर जो बसस्टॉप आहे, त्याच्या खांबावर एका मंगळवारी सकाळी नवा कागद चिकटवलेला दिसला. त्याच्या वर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात होती आणि खाली एका हरवलेल्या पोपटाचा फोटो, त्यामुळे मधला कागद कुणी वाचला नाही. वाचला तो एकट्या सम्यकने. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून त्याला औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही अर्धवट सोडवत नसे. कागदावर म्हटलं होतं की प्रवाशांच्या अल्प प्रतिसादामुळे गोवंडीला जाणारी बस बंद करण्याचा विचार असून, महिनाअखेरीच्या आढाव्यानंतर निर्णय घेण्यात येईल.

रात्री जेवताना त्याने ही बातमी सांगितली. त्याचे वडील भीमराज यांचा घास हातातच राहिला. पण खरा धक्का बसला तो जयाला, म्हणजे त्याच्या आईला. तिने आमटीची वाटी खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलायचं विसरून गेली.

याचं कारण समजून घ्यायचं तर भीमराजांची दुपार समजून घ्यायला हवी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज तीनच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घालत, स्वतःचा स्ट्रायकर रुमालात गुंडाळून खिशात ठेवत आणि गोवंडीची बस पकडत. गोवंडीत त्यांचं बालपण गेलं होतं. तिथल्या बुद्ध विहाराच्या ओट्यावर त्यांचे तीन जुने दोस्त कॅरम मांडून वाट बघत असत. दिवेलागणीनंतर भीमराज त्याच बसने परत येत. लोकलने जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलायची, म्हणजे जिने आले, आणि त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज रिक्षा करणं हे तर त्यांच्या मते माणूस हाताबाहेर गेल्याचं लक्षण होतं.

ते गेले की घर जयाचं होई. त्या वेळात जया काय करी, हे सम्यकने एकदा कुतूहलाने बघितलं होतं. ती काहीच करत नसे. एका खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवी, कोमट चहा घोट घोट पिई आणि खिडकीबाहेर बघे. अमुक कुठे ठेवलंय, तमुक कधी होणार, असं तिला विचारणारं तेव्हा घरात कुणी नसे. मागच्या वर्षी रस्ता खोदल्यामुळे पंधरवडाभर बस बंद होती. त्या काळात भीमराजांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या (हळदीच्या पारदर्शक बरणीवरसुद्धा ‘हळद’), आणि जया पोळ्या लाटत असताना मागे उभं राहून, हे असंच करतात का, अशी शुद्ध जिज्ञासेने चौकशी केली. रस्ता बुजवला गेला त्या दिवशी जयाने शेजाऱ्यांना शिरा वाटला होता. कारण सांगितलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिने सम्यकला ओट्यापाशी बोलावून घेतलं.

“ती बस राहिली पाहिजे,” ती म्हणाली. “तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय, ते मी आजवर विचारलेलं नाही. आता विचारते.”

दुसऱ्या दिवशी सम्यक ऑफिसातून रजा काढून बसच्या कार्यालयात गेला. मार्गाबद्दल बोलायचंय म्हटल्यावर पासच्या खिडकीने त्याला वर पाठवलं, वरच्याने खाली, आणि खालच्याने हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथल्या गृहस्थांनी त्याचं काही ऐकून न घेता पाच-सहा छत्र्या समोर मांडल्या आणि ओळखा म्हणाले. सम्यकने छत्री हरवली नसल्याचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की एखादी घेऊन टाकावी असं त्याला क्षणभर वाटलं. शेवटी कॅन्टीनमधल्या पोऱ्याने त्याला बरोबर टेबलापाशी नेऊन सोडलं. मार्गांचा आढावा घेण्याचं काम सुनंदा मॅडमकडे होतं. त्या शांत होत्या, चष्म्यावरून बघत होत्या आणि त्यांच्याकडे आकडे होते. सम्यकला त्या पाहताक्षणी आवडल्या.

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. कंडक्टरच्या मशीनमधून निघालेली सगळी तिकिटं तिथे दिसत होती, आणि दुपारची गोवंडीची बस जवळजवळ रिकामी जात होती. सम्यक म्हणाला, असं कसं, माझे वडील तर रोज जातात. मॅडमनी विचारलं, पासवर का? हो, ज्येष्ठ नागरिकांचा पास. मॅडमनी सहानुभूतीने मान हलवली. कंडक्टर पास बघून मान हलवतो, आणि मान हलवल्याची नोंद मशीनमध्ये होत नाही. म्हणजे त्या बसचा सर्वांत निष्ठावंत प्रवासी हिशेबाच्या दृष्टीने आजवर कधी बसमध्ये चढलाच नव्हता.

“मला माणसं दिसत नाहीत हो,” मॅडम म्हणाल्या. “तिकिटं दिसतात. या महिन्यात ती दिसली, तर बस राहील.”

एखाद्याला याचं दुःख झालं असतं. सम्यकला आनंद झाला. आपल्यापुढचा प्रश्न सरकारी नसून अपुऱ्या नोंदींचा आहे हे कळल्यावर शास्त्राच्या विद्यार्थ्याला जो हुरूप येतो, तो अंगात घेऊन तो घरी आला आणि त्याने सोसायटीचे सेक्रेटरी राजेश घाडीगावकर यांना सभा बोलवायला लावली.

सभा पार्किंगमध्ये भरली. बस बंद होणार म्हटल्यावर सगळेच खवळले. त्या बसमध्ये गेल्या वर्षभरात पाऊलही न टाकलेले सभासद सर्वांत जास्त खवळले. एकाने रस्ता अडवायची सूचना केली आणि आपण ऑफिसातून सुटल्यावर येऊ असं सांगितलं. एकाचं म्हणणं पडलं की नगरसेवकाच्या वाढदिवसाचा मोठा बॅनर लावावा आणि खाली बारीक अक्षरांत बसचं लिहावं. पहिल्या मजल्यावरच्या रत्नप्रभा परबांना बसपेक्षा माणसाची काळजी होती. त्यांनी सम्यकला थेट विचारलं, “तुझो बापूस आता खंय जातलो रे?” त्यावर सगळ्या सभेने भीमराजांकडे बघितलं. भीमराजांनी आपल्या चपलेकडे बघितलं.

मग सोसायटीतले सर्वांत वयस्कर मार्तंडकाका बोलायला उभे राहिले. मुंबईतली शेवटची ट्राम गेली तेव्हा ते तिच्यात होते. या वयाच्या सगळ्याच मुंबईकरांना ते भाग्य लाभलेलं आहे. त्या ट्राममध्ये होतो असं सांगणारे सगळे खरं बोलत असतील, तर तिचं तोंड दादरला लागलं तेव्हा शेपूट अजून बोरीबंदरलाच असणार. पण त्या दिवशी काका मुद्द्याचं बोलले. म्हणाले, “ट्राम गेली तेव्हा सगळे हळहळले रे. तिकीट कुणी काढलं नव्हतं.”

बास. घाडीगावकरांनी गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या वीस वर्षं लावल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे बसच्या पाळ्या लावल्या. सोमवारी ए विंग, मंगळवारी बी, आणि असं पुढे. भीमराज तसेही रोज जातात म्हणून त्यांना पाळी लावली नाही. ‘बस बचाव’ नावाचा ग्रुप निघाला. सम्यकला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की पास असला तरी पाळीच्या दिवशी प्रत्येकाने तिकीट काढायचं. एवढं सांगून तो खाली बसला. बसायला नको होतं, पण ते पुढे येईलच.

पहिल्या सोमवारी ए विंग स्टॉपवर उभी राहिली तेव्हा ड्रायव्हरला वाटलं लग्नाचं वऱ्हाड आहे, आणि त्याने बस थोडी पुढे नेऊन थांबवली. गुरुवारपर्यंत तो सरावला. लोकही सरावले. रत्नप्रभाकाकू मेथीच्या जुड्या घेऊन बसत. बसमध्ये वारा छान लागतो आणि निवडूनही होतं, असं त्यांचं मत होतं. कंडक्टरने कचऱ्याबद्दल विचारलं तर त्यांनी पिशवी उघडून दाखवली आणि त्यालाच एक जुडी दिली. सी विंगचा हर्षद रात्रपाळी करून दुपारी झोपत असे. त्याने त्यावर तोड काढली. पाववाल्यासाठी बाल्कनीतून खाली सोडायची दोरीची टोपली त्याने सुट्या पैशांसकट बसच्या दारात सोडली, आणि गोंधळलेल्या कंडक्टरने तिच्यात तिकीट टाकलं. प्रवासी पलंगावर आणि तिकीट टोपलीतून वर, हे सम्यकला तत्त्वतः मान्य नव्हतं. त्याने तसं सांगितलं. हर्षद म्हणाला, “यार, मशीनला कुठे कळतंय?” सम्यकने तेही तिकीट मोजलं.

या सगळ्यात भीमराजांना बसायला जागा मिळेना. ज्येष्ठांच्या सीटवर मार्तंडकाका आणि मंडळी बसलेली असत, आणि त्यांनी वय काढलं की भीमराज तरुण ठरत. इस्त्रीच्या शर्टात, ऑपरेशनच्या गुडघ्यावर, ते दांडी धरून उभे राहत. पण तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रात्री जेवताना ते म्हणाले, मार्केटपर्यंतच त्रास आहे, पुढे बस अगदी मोकळी असते. सगळ्या बसमध्ये मी आणि कंडक्टर, झकास वारा. सम्यकला हे ऐकून बरं वाटलं. वडिलांना जागा मिळते, एवढंच त्याने त्यातून घेतलं.

भाजी मार्केट हा स्नेहदीपपासून तिसरा स्टॉप. तिथपर्यंत सगळ्यात कमी भाड्याचं तिकीट चालतं. बस वाचवायला तिकीट काढायचं ठरलेलं होतं, महागडं काढायचं कुणी ठरवलं नव्हतं. शिवाय मार्केटला उतरलं की भाजी घेता येते आणि समोरून परतीची बस मिळते. सोसायटीतल्या प्रत्येक फ्रीजमध्ये त्या महिन्यात दुधी भोपळे पडून होते. बस वाचवायला निघालेल्या माणसाने गोवंडीपर्यंत जाऊन यावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तिथे त्यांचं काही कामही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सम्यकच्या इभ्रतीची वाट लागली. तो दरवाजापाशी उभा राहून मोबाइलवर माणसं मोजत होता. सगळे तिकीट काढतात की नाही यावर त्याची बारीक नजर होती. इतकी बारीक, की दुसऱ्या स्टॉपला तपासनीस चढले आणि त्यांनी तिकीट मागितलं, तेव्हा आपण ते काढलेलंच नाही हे त्याला खिशात हात घातल्यावर कळलं. त्याने शांतपणे समजावून द्यायचा प्रयत्न केला की ही सगळी मोहीम आपणच सुरू केली आहे. तपासनीस म्हणाले, मोहिमेलाही तिकीट पडतं. रत्नप्रभाकाकू त्याच्या मदतीला धावून आल्या आणि भर बसमध्ये म्हणाल्या की पोरगा चांगल्या घरातला आहे, शिकलेला आहे, त्याला आजवर कधी पकडलं नव्हतं. त्यामुळे त्याची बाजू आणखी लंगडी झाली. दंड भरावा लागला.

संध्याकाळी ग्रुपवर घाडीगावकरांची सूचना आली. काही सुशिक्षित सभासद विनातिकीट प्रवास करताना आढळल्याने सोसायटीच्या प्रतिमेला बाधा येत आहे, असं तिच्यात होतं. कुणाचा अपमान नको म्हणून नाव लिहिलं नव्हतं. सोबत फोटो होता.  रात्री झोपायला जाताना भीमराज दारातून एवढंच म्हणाले की नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी खात्याच्या फोनवरून एकदाही घरी फोन केला नव्हता. सम्यकने उशी तोंडावर घेतली.

पण महिना संपला आणि खांबावर नवा कागद लागला. पहिलीच ओळ होती, ‘प्रवाशांच्या उदंड प्रतिसादामुळे ही बससेवा चालू ठेवण्यात येत असून’. सम्यकने तेवढं वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं न वाचता तो घराकडे पळत सुटला. पेढे आले. घाडीगावकरांनी ग्रुपवर हार घातलेल्या बसचं चित्र टाकलं. जयाने सम्यकच्या ताटात दुसरी वाटी खीर वाढली, आणि दुसऱ्या दिवशी भीमराज तीन वाजता बाहेर पडल्यावर दोन्ही खुर्च्या खिडकीपाशी ओढल्या.

चहाला उकळी येऊन तो कपात गाळला जातो न जातो तोच दाराची बेल वाजली. दारात भीमराज उभे होते. इस्त्रीचा शर्ट तसाच, खिशात स्ट्रायकर तसाच, आणि हातात कोथिंबिरीची जुडी.

“मार्केटला कंडक्टर म्हणाला, काका, उतरा, शेवटचा स्टॉप,” ते म्हणाले. “तिथे उगाच काय उभं राहायचं, म्हणून ही घेतली.”

जयाने कोथिंबीर घेतली. मग वळून तिने दुसऱ्या खुर्चीवरची उशी उचलली आणि भीमराजांसाठी खुर्ची मोकळी केली. ते बसले. घरभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, ही खुर्ची रोज इथेच असते का?

सम्यक खाली धावला आणि त्याने कागद शेवटपर्यंत वाचला. बस चालू राहणार होती. फेऱ्याही वाढल्या होत्या. फक्त ती आता स्नेहदीपहून निघून भाजी मार्केटला संपणार होती. पुढचा सगळा मार्ग रद्द झाला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात सुनंदा मॅडमनी त्याला ओळखलं. त्यांनी पुन्हा पडदा वळवला, आणि या वेळी सम्यकने स्वतःच्या हाताने केलेली चूक आकड्यांत बघितली. स्नेहदीपला चढणाऱ्यांचा उंच डोंगर, मार्केटला उतरणाऱ्यांचा तेवढाच उंच डोंगर, आणि त्यापुढे थेट गोवंडीपर्यंत सपाट मैदान. इतकी स्पष्ट मागणी नोकरीत क्वचित बघायला मिळते, असं मॅडम कौतुकाने म्हणाल्या. सम्यकने खालच्या आवाजात सांगितलं की त्या मैदानात एक माणूस आहे.

“कुठे?” मॅडमनी चष्मा वर करून विचारलं.

“पासवर,” सम्यक म्हणाला.

 मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी अर्ज करायला सांगितलं, चहा मागवला, आणि पुढच्या आढाव्यात नक्की बघू म्हणाल्या. पुढचा आढावा वर्षाने होता.

सोसायटीला मात्र यात काही दुःखाचं आहे हे पटेना. दारातून मार्केटला थेट बस, वाट बघावी लागत नाही, बसायला जागा. रविवारी पार्किंगमध्ये सम्यकचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. विनातिकीट प्रवासाचा उल्लेख घाडीगावकरांनी मोठ्या मनाने टाळला, म्हणजे तो टाळत असल्याचं दोनदा सांगितलं. सम्यकने भाषणात नमुना निवडताना झालेली चूक समजावून द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या न वाजवणारी एकटी जया होती. ती मागच्या रांगेत बसून भीमराजांकडे बघत होती, आणि भीमराज पार्किंगमधल्या खुर्च्या सरळ रेषेत लावत होते.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगायला हवं, कारण जयाने ते फार सविस्तर भोगले. डबे आता उंचीऐवजी वापराच्या क्रमाने लागले. कुकरच्या शिट्ट्यांवर अभ्यास सुरू झाला. एका दुपारी जया गच्चीवर जाऊन बसली, तर थोड्या वेळाने भीमराज तिथे आले आणि पापड वाळवायला ऊन कुठल्या कोपऱ्यात जास्त पडतं याबद्दल बोलू लागले. सम्यक ऑफिसातून लवकर यायचा आणि आईच्या नजरेला नजर न देता खोलीत जायचा.

आणि मग एका दुपारी गोवंडीच मुलुंडला आली. भीमराजांचे तिन्ही दोस्त रेल्वेने, कुर्ल्याला गाडी बदलून, कॅरम बोर्ड डोक्यावर घेऊन दारात उभे राहिले. जयभीम, वहिनी, असं म्हणत त्यांनी बोर्ड हॉलमध्ये मधोमध मांडला. त्यांचे गुडघे शाबूत होते. भीमा येऊ शकत नाही तर आपण जायचं, असा त्यांनी विहाराच्या ओट्यावर एकमताने ठराव केला होता, आणि तो रोजचा होता. भीमराजांचा चेहरा असा उजळला की सम्यकला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. वडील घरात होते, पण सुखात होते. डब्यांकडे त्यांचं लक्षही जात नव्हतं. हिशेब जुळला, असं त्याला वाटलं.

आठवड्याभराने तो दुपारीच घरी आला, तर हॉलभर बोरिक पावडर उडालेली होती आणि क्वीनवरून वाद पेटला होता. आई घरात नव्हती. मार्केटला गेली असेल, भीमराज बोर्डावरची नजर न काढता म्हणाले, हल्ली रोजच जाते, चांगली बस झालीये ना.

सम्यकला रोजच्या भाजीच्या मानाने फ्रीज फार रिकामा वाटला होता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. तो खाली उतरला. स्टॉपवर बस येऊन उभी राहत होती. मार्केटहून परत आलेले लोक पिशव्या सावरत उतरले. डावीकडच्या खिडकीत जया बसलेली होती, नवी जांभळी साडी नेसून, पुढच्या सीटच्या दांडीखाली पाय लांब करून. ती उतरली नाही. कंडक्टर तिच्यापाशी आला, तिने न बघता पैसे पुढे केले, त्याने न विचारता तिकीट दिलं.

सम्यक आत चढला आणि तिच्या शेजारी बसायला गेला. तिने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली नाही. तो उभाच राहिला.

“आई, पप्पांना काय सांगू? चहाला माणसं खोळंबलीयेत.”

जया खिडकीबाहेर बघत होती. बस सुटली. स्नेहदीपचं फाटक मागे गेलं, पहिला स्टॉप आला आणि गेला, आणि मग ती बोलली.

“सांग की आई स्टॉपवर उभी आहे. या बसचा काही भरवसा नाही.”